भरणाऱ्याला निरोप

सकाळी सव्वानऊला नेमबाजीच्या रेंजवर चौथ्या टेबलावरून धडाका यायला हवा होता, तिथे नुसतं फट् झालं. ऑरिनच्या हातातलं चव्वेचाळीस मॅग्नम रिव्हॉल्वर उसळलं नाही. समोरच्या कागदावर भोक पडलं नाही. ऑरिन क्षणभर थांबला आणि त्याने अंगठा पुन्हा घोड्यावर ठेवला.

"ऑरिन, नको!"

व्हर्नाने नवऱ्याचं मनगट धरलं. नळीचं तोंड मातीच्या बांधाकडेच राहील असं बघत तिने रिव्हॉल्वर टेबलावर टेकवायला लावलं. नेम धरताना कुणी हात लावलेला त्याला कधी खपत नसे. आज त्याने तिला मनगट धरू दिलं.

गोळी नळीत अडकली होती. तिच्यामागे दुसरी सुटली असती, तर नळी फुटून त्याच्या तोंडावर आली असती.

रेंज सांभाळणारा गस पितळी सळई आणि लाकडी हातोडी घेऊन आला. वापरलेल्या पुंगळ्यांत बारूद आणि गोळी घालून घरीच काडतुसं भरायला तो ऑरिनच्याच बाकड्यावर शिकला होता.

"काय मास्तर, बारूद महाग झाली म्हणून वाचवायला लागलास?"

"तू तुझं काम कर."

"करतोय की. आधी माझी चूक निघाली की आठवडाभर टोमणे मारायचास. आज माझी पाळी."

त्याने रिव्हॉल्वरची चकरी रिकामी केली, सळई नळीत घातली आणि तिच्यावर चार ठोके घातले. गोळी टेबलावरच्या फडक्यावर पडली. पुंगळीत बारूद भरलेलीच नव्हती. पुंगळीच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी असते, नुसत्या तिच्या जोराने गोळी तिथवर गेली होती. गसने टपरीतून छोटा काटा आणला आणि डब्यातली उरलेली काडतुसं एकेक करून तोलायला घेतली. तिसरंच हलकं निघालं. मग आणखी एक. त्याचे टोमणे थांबले.

गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघायचं, हे या खोऱ्यातल्या निम्म्या लोकांना ऑरिननेच शिकवलं होतं. काल दुपारी व्हर्ना कॉफी घेऊन गॅरेजमध्ये गेली, तेव्हाही तो तेच करत होता. लाकडी ठोकळ्यात पुंगळ्या ओळीने उभ्या होत्या. त्याच्या हातात टॉर्च होता. तो एकेका पुंगळीवर वाकत होता, आत बघत होता, मान डोलवून पुढे सरकत होता. ती निश्चिंत होऊन परत आली होती.

ऑरिनने डबा उचलला. झाकणावर लाल शाईत तारीख, गोळीचं वजन, बारुदीचं वजन लिहिलेलं होतं. त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि सावकाश वाचलं.

"अक्षर चांगलं आहे," तो म्हणाला. "माणूस टापटिपीचा दिसतोय."

गस हसला. मग त्याने व्हर्नाकडे पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं.

"कुणाची आहेत ही?" ऑरिनने विचारलं. "माझ्या टेबलावर आणली कुणी?"

"पिशवी मी आणली," व्हर्ना म्हणाली.

"तू? अगं, दुसऱ्याने भरलेली काडतुसं मी उडवत नाही, हे तुला सांगायला लागतं? इतक्या वर्षांत एवढंही नाही शिकलीस?"

"चुकलं माझं."

"पण भरली कुणी?"

गस सळई पुसत होता. पुसून झालेली सळई त्याने पुन्हा पुसायला घेतली.

"आपल्या ओळखीचा आहे एक," व्हर्ना म्हणाली. "चांगला आहे रे. फार जपून काम करायचा."

"करायचा ना? मग आता त्याला सांगावं लागेल." ऑरिनने झाकण लावलं आणि डबा तिच्याकडे सरकवला. "बाकडं आवर म्हणावं. असं एक निघालं तर माणूस चुकला म्हणता येतं. इतकी निघाली म्हणजे हात थांबवायचा. नाहीतर कुणाचा तरी जीव घेईल. स्वतःचाच घेईल."

"सांगेन."

"गोडीत सांग. चारचौघांत नको." तो लांब मातीच्या बांधाकडे बघत होता. "बाकडं गेलं की दिवस खायला उठतो माणसाला. त्याच्या घरात कुणी आहे ना?"

"बायको आहे."

"मग ठीक आहे."

परत येताना ट्रक व्हर्नाने चालवला. डबा तिच्या पायाशी होता. रस्ताभर ऑरिन बोलत होता: पर्वतावर बर्फ अजून पडलं नाही, गसला टपरीचं छप्पर दुरुस्त करायचं कधी सुचणार, यंदा एल्क हरणाची शिकार जमली तर मुलीकडे अर्धं मांस पाठवायचं. घरी पोचल्यावर त्याने सूप संपवलं आणि खुर्चीतच त्याचा डोळा लागला. तेवढ्यात व्हर्नाने गॅरेजच्या दाराला कुलूप घातलं. त्या दाराला आजवर कुलूप नव्हतं. ते तिने कोठीतून शोधून काढलं होतं.

दुपारी चारच्या सुमाराला ती बटाटे सोलत होती. बाहेर गॅरेजची कडी वाजली.

"व्हर्ना, ही किल्ली कुठे ठेवलीस गं?"

किल्ली तिच्या एप्रनच्या खिशात होती. तिने सोललेला बटाटा पाण्यात टाकला आणि दुसरा घेतला.

"व्हर्ना! शनिवारसाठी काडतुसं भरायचीत. आपल्याकडे एकही उरलेलं नाही."

तिने नळ सोडला. पाण्याच्या आवाजातही कडी ऐकू येत होती. तो ती ओढून बघत होता, मग थांबत होता, मग पुन्हा ओढत होता.