पहिल्या पाळीची माणसं

दालनात सतरा गाड्या होत्या, कापून उघडी ठेवलेली दोन इंजिनं होती, छताला आठ पंखे होते, त्यांतले तीन फिरत होते, आणि एक माणूस होता. शुक्रवारचे साडेबारा वाजले होते. त्या माणसाने शेवटच्या बाकावर बसून डबा उघडला.

ऋचा खुर्चीवरून उठून त्याच्याकडे गेली. संग्रहालयात येणाऱ्यांना माहिती सांगायचं काम तिचं, आणि सकाळपासून ऐकायला कुणी आलं नव्हतं. एक कुटुंब दाराबाहेर थांबलं होतं. लोणावळ्याचा रस्ता विचारला आणि गेलं.

"आबा, सोमवारपासून हे फक्त शनिवार-रविवार उघडं राहणार."

गंगाधरआबांचा घास हातातच राहिला. इथे मोटारी बनत होत्या तेव्हा ते इथे कामाला होते. आता इथे मोटारी बघायला ठेवल्या होत्या, आणि आबा सुदुंबऱ्याहून रोज बघायला येत होते.

"कोण म्हणलं?"

"मुख्य ऑफिस. या आठवड्यात सोमवार ते शुक्रवार एका दिवशी तरी तीस माणसं आली पाहिजेत, असं त्यांनी सांगितलं होतं. परवा सहा आली, काल चार. आज शेवटचा दिवस."

"आन आज?"

"तुम्ही."

आबांनी डब्याला झाकण लावलं.

"मग सोमवारी मी डबा कुटं खाऊ?"

आबांनी दाराकडे पाहिलं.

"मोजतं कोण?"

"यंत्र. चौकटीत एक किरण आहे. माणूस आत आला की तो तुटतो आणि आकडा एकाने वाढतो. बाहेर जाणारे मोजत नाही. आम्ही कामाची माणसं मागच्या दाराने येतो, म्हणजे आम्ही त्यात नाही."

"नाव इचारतं का?"

"नाही."

आबा उठले. लंगडत दाराबाहेर गेले आणि वळून आत आले. टेबलावरच्या यंत्रात एकाचे दोन झाले.

"हे कोण आले?" ऋचाने हसून विचारलं.

"गराडे. चाकं बसवायचा." आबा पुन्हा बाहेर गेले, पुन्हा आत आले. "ह्यो नवशा. उन्हाळ्यात खिशात करवंदं असायची. एकट्यानं कवा खाल्ली न्हाईत." पुन्हा गेले, पुन्हा आले. "आन ह्यो भेगडे. ह्याच्याशी कामाचं बोलू नका, झोप मोडंल त्याची."

एकदा बाहेर गेलेले आबा आलेच नाहीत. ऋचा दारापाशी गेली. ते भिंतीला टेकून उभे होते.

"दम लागला का?"

"न्हाई. आता येवलेचा नंबर हाय. त्यो कायम पाच मिनिटं उशिरा यायचा."

पाच मिनिटांनी येवले आले.

मग वेल्डिंगचे आले, रंगाचे आले. आबांचा सदरा पाठीला चिकटला. प्रत्येक फेरीला ते चौकट धरून क्षणभर थांबू लागले. ऋचाने पाण्याची बाटली पुढे केली.

"हे सगळे आता कुठे असतात, आबा?"

"त्याचं काय करायचंय? आल्यात न्हवं."

त्यानंतर कुणी आत आलं की ती खुर्चीतून जराशी उठून "या" म्हणू लागली.

पाचला दहा मिनिटं असताना आबा आत आले आणि बाकावर बसले. वहाण काढून तळवा चोळू लागले. ऋचाने यंत्र पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि त्यांच्याजवळ गेली.

"आबा, एक कमी पडतोय. आणखी एकदाच या."

"कोण म्हणून?"

"कुणीही. यंत्राला काय कळतंय?"

"यंत्राला न्हाई कळत," आबा म्हणाले. "पर पहिल्या पाळीला आमी एवढेच व्हतो, मला धरून. आता आत कुणाला घेऊ?"

"मग मी जाऊन येते."

"तुमी मागच्या दारानं येता, पोरी."

पाच वाजता फोन वाजला. तिने तो दुसऱ्या घंटीला उचलला.

"आजचे किती?" पलीकडून विचारलं.

आबा वहाण पायात घालत होते. ऋचाने यंत्र पुन्हा एकदा वाचलं.

"एकोणतीस," ती म्हणाली.