अकरा मिनिटं

टीव्हीवर बापाने मुलीच्या तोंडावर दार लावलं आणि म्हातारीने चष्मा काढून मांडीवर ठेवला. पुढचं तिला पाठ होतं. दार लागतं, मुलगी पेटी उचलते, आणि लगेच नवऱ्याच्या अंगणात खळखळून हसताना दिसते. सगळं गोड.

तीस वर्षांपूर्वी हा पिक्चर सव्वीस आठवडे चालला होता. टॉकीजचं मशीन तिचा नवरा चालवायचा. मशीनच्या खोलीतून तिने तो इतक्यांदा पाहिला की झोपेत संवाद बडबडायची. आज सकाळी धाकट्या मुलाने त्याची डिस्क आणली. जुना पिक्चर धुऊनपुसून नवा कोरा केलाय, म्हणाला. "बाबांनी आख्ख्या गावाला रडवलं, आता त्यांना रडवू."

"त्यांना? आधी दगडाला पाझर फुटेल."

म्हातारा हसला नाही. "नको, डोळे दुखतात," एवढंच पुटपुटला. धाकट्याने ऐकलं नाही. डिस्क लावून दिली आणि कामावर गेला.

याच पिक्चरच्या भरवशावर म्हातारीने थोरल्या मुलीला परत सासरी धाडलं होतं. थोरलीही अशीच पेटी घेऊन दारात उभी राहिली होती. ओठ फुटलेला, मनगट सुजलेलं. आईने पाणी दिलं आणि वर शहाणपण दिलं, "पिक्चरमधली नाही का गेली? दोन दिवस सोसायचं. होतं सगळं सुरळीत." बाप खुर्चीत बसून होता. त्याने हूं की चूं केलं नाही. थोरली गेली. दीड महिन्यात तिचं प्रेत ताब्यात घ्यायला जावं लागलं. लोक म्हणाले, नशीब. नशीब कसलं डोंबलाचं! नवऱ्याने मारली आणि आईने धाडली. बावीस वर्षं म्हातारी स्वतःला हेच ऐकवत आली होती.

पण आज अंगण आलंच नाही. दार धाडकन उघडलं. बाप अनवाणी रस्त्यावर धावत सुटला. वळणावर त्याने मुलीला गाठलं, तिच्या हातातली पेटी हिसकावून घेतली. "घर तुझं आहे, पोरी. चुकलो मी." मग ती माहेरीच राहिली. शिवण शिकली, कमावती झाली. नवरा कितीदा आला आणि हात हलवत परत गेला. शेवटी तिने त्याला अटी घातल्या, त्याने मान खाली घालून ऐकल्या, आणि तेव्हा कुठे आलं ते अंगण, ते हसू.

म्हातारीने चष्मा परत कधी चढवला, तिलाच कळलं नाही.

"अहो, हे आपल्या टॉकीजला नव्हतं."

"होतं." म्हाताऱ्याची नजर फरशीत रुतली होती. "पहिल्याच आठवड्यात कापलं मी. अकरा मिनिटं. मालकाला दिवसाचे चार खेळ बसवायचे होते. मारामारी कापली असती तर लोकांनी खुर्च्या मोडल्या असत्या. हे कापलं, कोणी विचारलंसुद्धा नाही."

म्हातारीने टीव्ही बंद केला. उठली, आणि त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"म्हणजे मी तिला जा म्हणत होते, तेव्हा बाप मागे धावतो हे या घरात एकट्या तुम्हाला माहीत होतं?"