पाचवी रेघ

चार उभ्या रेघा, त्यांच्यावर पाचवी आडवी, झाले पाच. बाईंनी ताळ्याच्या खुणा आठवड्यात सातव्यांदा शिकवल्या. एव्हाना फळ्यालासुद्धा पाठ झाल्या असतील, वर्गाला मात्र नाही. बाईंचा घसा बसला होता, पाय भरून आले होते आणि पर्समध्ये सकाळीच लिहिलेला राजीनामा होता. घंटा झाली की तो मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायचा, की सुटले.

तोवर गृहपाठ तपासायला घेतला : आठवडाभर काहीही मोजा आणि तक्ता करा. एकाने आजोबांच्या शिंका मोजल्या होत्या. वारंवारता तीनशे बारा, आणि आजोबा अजून थांबले नव्हते म्हणे.

मागच्या बाकावर शेपूट सावरून बसलेल्या खारूताईने बाईंनाच मोजलं होतं. 'उद्यापासून मी येणारच नाही, असं बाई म्हणाल्या.' पुढे चार उभ्या रेघा, एक आडवी, आणि वारंवारतेच्या घरात शून्य.

"अगं, शून्य कसं? पाच ना?"

"नाही बाई. चारदा म्हणालात तोवर मी खरं धरलं होतं. पाचव्यांदा म्हणालात, तेव्हा आडवी रेघ मारून सगळं खोडून टाकलं. तुम्ही कसल्या जाताय!"

घंटा झाली. वर्ग उधळला, खारूताई मात्र वही पुढे धरून उभीच. बाईंनी सुस्कारा सोडला, पर्समधून राजीनामा काढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर चार उभ्या रेघा ओढल्या.

"नीट बघ गं बये. आठव्यांदा सांगतेय."