यू नानच्या नावानं

"माझा हात जरा धराल का?" यू वानहोम शेजारी बसलेल्या पाहुणीला म्हणाली. "आताशा हा एवढासा चंबूसुद्धा पेलवत नाही."

पाहुणी साठीच्या घरातली होती. सीमेपलीकडून, थायलंडहून, नव्या वर्षाचा सण बघायला आली होती. तिनं म्हातारीच्या हाताखाली आपला हात धरला.

विहारात चाफ्याचा वास भरून राहिला होता. बायकांनी सकाळीच फुलांच्या पाण्यानं बुद्धमूर्तीला न्हाऊ घातलं होतं. अंगणात वाळूचे स्तूप उभे होते आणि त्यांच्यावरच्या कागदी पताका झोपेत कूस बदलावी तशा हलत होत्या. भंतेजी सूत्र म्हणू लागले. आपापल्या गेलेल्या माणसांसाठी सगळे जमिनीवर पाण्याची धार सोडू लागले.

"कुणासाठी सोडताय?" पाहुणीनं हळूच विचारलं.

"धाकटी बहीण होती. यू नान. याच सणात नदीनं नेली. होड्यांची शर्यत चालली होती, सगळं गाव काठावर. अठराची होती. महिन्यानं लग्न होतं."

"तिच्या मनासारखं?"

"बापाच्या मनासारखं."

धार क्षणभर थांबली, मग पुन्हा सुरू झाली.

"सापडली नाही?"

"नाही. केवढी नदी ती! कुठं शोधणार?"

"आणि वडील?"

"तेही गेले. तेरा वर्षं झाली. घरात तिचं नाव काढू देत नव्हते."

ओल्या मातीचा वास वर येत होता.

"ताई, समजा ती बुडालीच नसेल तर? कुणाबरोबर तरी निघून गेली असेल, सुखात असेल, आणि तुम्ही इथं एवढी वर्षं..."

"हात नीट धरा," म्हातारी म्हणाली. "पाणी सांडतंय."

सूत्र संपलं. दोघी पायऱ्या उतरतात न उतरतात तोच पोरींनी सणाच्या रीतीप्रमाणे दोन बादल्या त्यांच्या अंगावर रित्या केल्या.

"सुखी राहा, आजी!"

"सटव्यांनो, हाडं गोठली माझी!" म्हातारी खदखदून हसली. पाहुणी हसली नाही. तिच्या चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं, आणि ते सगळंच बादलीतलं नव्हतं.

"ताई, मला तुम्हाला काही सांगायचंय. तेवढ्यासाठीच आले मी. त्रेचाळीस वर्षं मला झोप..."

यू वानहोम लुंगीसारख्या नेसणाचा काठ पिळत होती. तिनं मान वर केली नाही.

"तू त्याच्या होडीत बसलीस, तेव्हा मी बांबूंच्या आड उभी होते. तू बुडालीस अशी बोंब मीच ठोकली. नाहीतर अंधार पडायच्या आत बापानं तुला फरफटत आणलं असतं." तिनं पिळा झटकला. "आणि पाणी दर वर्षी आईच्या नावानं सोडलं गं, नान. जित्या माणसाच्या नावानं कुणी सोडतं का?"