चालू होतानाचा आवाज

“लिनक्सच टाका मावशी,” शुभांगी तिसऱ्यांदा म्हणाली. “तुमच्या मशीनला तेच झेपेल.”

श्रीरामपुरातल्या तिच्या दुकानात काउंटरवर दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडले होते. एकात जुनं विंडोज, दुसऱ्यात लिनक्स. खाली फरशीवर भागिरथीबाईंनी पोत्यात गुंडाळून आणलेला त्यांच्या कॉम्प्युटरचा डबा. त्याची हार्ड डिस्क उडाली होती, ती नवी बसवून झाली. आता आत काय घालायचं, एवढंच ठरायचं होतं.

शुभांगीला आपल्या कामाचं भारी कौतुक. गिऱ्हाइकाला पटल्याशिवाय ती पुढच्या कामाला हात लावत नसे. नवं विंडोज एवढ्या जुन्या मशीनवर रडतखडत चालेल, म्हणजे चालणारच नाही. जुनं चालेल, पण त्याला आता कंपनी विचारत नाही, व्हायरस शिरला तर आपलं आपण निस्तरायचं. लिनक्स फुकट, हलकं, कटकट नाही. भागिरथीबाई मान हलवत होत्या. शब्द कानावरून निघून जात होते. गेले चार महिने सगळ्यांचेच शब्द तसे जात होते.

“चेतनदादा कोडिंग करतात म्हणालात ना? मग त्यांना लिनक्सच आवडेल. फोन लावा की, विचारून घेऊ.”

“तो उचलायचा न्हाई,” भागिरथीबाई म्हणाल्या. “तू दोनी चालू करून दाव.”

शुभांगीनं लिनक्सचं बटण दाबलं. बघता बघता पडदा उजळला. “बघा, किती झटपट!”

भागिरथीबाईंनी डोळे मिटून घेतले होते. “ह्ये वाजत न्हाई व्हय?”

“नाही. गुपचूप चालू होतं.”

मग दुसरा. त्यानं चांगला वेळ घेतला, आणि मग ती ओळखीची, दोन क्षणांत संपणारी धून वाजली. भागिरथीबाईंनी पोत्याचं तोंड घट्ट धरलं.

“ह्येच टाक.”

“अहो मावशी, आवाजावरून कुणी ठरवतं का? वाजायलाच पाहिजे तर लिनक्सला दुसरा आवाज लावून देते. आरती लावू एखादी?”

“दुसरा नको. ह्योच.”

एवढं सगळं समजावून फुकट गेलं म्हणून शुभांगी हिरमुसली. पण तिनं जुनं विंडोज टाकून दिलं.

खरं तर बेलापुरात, त्यांच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर, कॉम्प्युटरचं दुकान होतं. पण तिथं सगळे ओळखीचे. त्यांचा लेक चेतन आता नाही, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं.

चार महिन्यांपूर्वी मोटारसायकलवरून येताना अपघातात तो गेला. तेव्हा त्याचा बाप, कारभारी, हृदयाच्या दुखण्यानं नगरच्या दवाखान्यात पडून होता. साखरेनं डोळे आधीच नेले होते. डॉक्टर म्हणाले, आत्ता धक्का सोसायचा नाही. म्हणून तेव्हा सांगायचं राहिलं, आणि मग राहूनच गेलं. दहावा भागिरथीबाईंच्या माहेरी, पारनेरला उरकला. भेटायला येणाऱ्यांना त्या बांधावरूनच परत लावत.

लपवणं फार सोपं गेलं, याचीच त्यांना कधी कधी भीती वाटे. बापलेकांचं बोलणं दोन वर्षं बंद होतं. पुण्याची नोकरी सोडून चेतन घरीच कॉम्प्युटर मांडून बसला, ते कारभारींना खपलं नव्हतं. रोज सकाळी नऊला आतल्या खोलीत ती धून वाजे आणि ओसरीतल्या खाटेवरून कारभारी खेकसत, “लागलं बोंबलायला!” बापलेकांचा दिवसभराचा व्यवहार तेवढाच.

कारभारी दवाखान्यातून घरी आले त्या दिवसापासून नऊला बटण भागिरथीबाई दाबत होत्या. दाबायचं, धून वाजली की दार ओढून घ्यायचं. कारभारी आता खेकसत नसत. “लागला कामाला,” एवढंच हळू म्हणत. आजारानं माणूस निवळला, असं भागिरथीबाईंनी धरलं. त्यांना स्वतःला अजून रडू आलेलं नव्हतं. भाकरी थापायची, गोळ्या द्यायच्या, नऊला बटण दाबायचं.

मशीन बंद पडलं तेव्हा त्यांनी सांगितलं, दुरुस्तीला टाकलंय, चेतन शिर्डीला मित्राकडं बसून काम करतोय. “बरं,” कारभारी म्हणाले. पण ते तीन दिवस त्यांनी अर्ध्या भाकरीवर काढले. आणखी एक दिवस धून वाजली नाही तर माणूस विचारणार, आणि विचारलं तर आपल्याला पुन्हा खोटं बोलवायचं नाही, हे भागिरथीबाईंना कळून चुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डबा टेबलाखाली सरकवला. चेतननं कधीतरी दाखवलं होतं तशा रंग बघून वायरी जोडल्या. नऊला बटण दाबलं.

पडदा उजळला. मशीननं आपला वेळ घेतला. विंडोजचं चित्र आलं.

वाजलं काहीच नाही.

भागिरथीबाई थांबल्या. अजून थोडं थांबल्या. खाली वाकून पाहिलं, तर स्पीकरची हिरवी पिन टेबलामागं जमिनीवर पडलेली. तीच तेवढी लावायची राहिली होती. डोळे गेल्यापासून कारभारींचे कान इतके तिखट झाले होते, की उंबऱ्यावरून मांजर गेलं तरी त्यांना कळे. घरात एवढी शांतता होती, की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

बंद करून पुन्हा लावावं म्हणून त्यांनी बटणाकडं हात नेला. तेवढ्यात बाहेर खाट करकरली.

“लागला कामाला,” कारभारी हळू म्हणाले. “आज लई छान वाजलं बघ.”