वर्षभराचा मसाला

बिल्डरचा माणूस पेढे घेऊन आला, तेव्हा आम्ही अंगणात वर्षभराच्या मसाल्याच्या मिरच्या भाजत होतो. गिरगावातली आमची जुनी लाकडी घरं पाडून टॉवर बांधायचा होता, पण माझ्या एकटीच्या सहीवाचून काम अडलं होतं.

"मावशी, सही करा. विसाव्या मजल्यावरून समुद्र दिसेल," तो खोकत म्हणाला.

"आणि मिरच्या कुठे भाजू?" मी विचारलं.

"तिथे धूर चालणार नाही हो. मसाला विकत मिळतो की!"

कुटणाऱ्या बायकांची मुसळं थांबली.

शेजारच्या सेराफिनाने कालच सही दिली होती. तिने पेढ्यांचा बॉक्स त्याच्या हातात परत कोंबला आणि मूठभर मिरच्या थेट चुलीत फेकल्या.

"आधी माझी सही खोडून आण," ती म्हणाली, "मग हिची माग."