वॉर्डातली हाक

सहा महिन्यांच्या रजेनंतर ती वॉर्डात हजर झाली. रजेवर जाईपर्यंत सगळे तिला ‘ब्रदर’ म्हणायचे. आता छातीवरच्या बिल्ल्यावर बाईचं नाव होतं. कुणी टोचून बोललं नाही, पण हाकही मारेना. ‘अहो, जरा इकडे’ एवढ्यावरच भागत होतं. मलमपट्टीचा ट्रे घेऊन ती जुन्या ओळखीच्या म्हाताऱ्याकडे गेली. त्याची सून पटकन उठली. ‘दुसरं कुणी पाठवा ना.’ हिची पावलं जागीच थबकली. म्हाताऱ्यानं तिला नीट न्याहाळलं. ‘सूनबाई, बस खाली. या, सिस्टर. पट्टी हळू काढा. ब्रदर होतात तेव्हा जीव काढायचात माझा.’ डोळे पुसून तिनं चिकटपट्टीचं टोक धरलं आणि नेहमीसारखं एका झटक्यात ओढलं. ‘आई गं! तीच आहे ही, तीच!’ म्हातारा ओरडला. अख्खा वॉर्ड हसला. पलीकडच्या खाटेवरून हाक आली, ‘सिस्टर, माझ्यावर दया करा!’